रवाकामाची नोंद : चांदीच्या पदकावरचे पहिले त्रिकोण

एट्रुस्कन (प्राचीन इटलीतील एका संस्कृतीच्या) धाटणीच्या पदकाचे काम आता रवाकामाच्या, म्हणजे पत्र्यावर धातूचे बारीक गोल मणी (रवे) जोडण्याच्या टप्प्यावर आले आहे. शुद्ध चांदीच्या चकतीला किंचित घुमट दिला असून तिच्या कडेपासून मध्याकडे निमुळते होत जाणारे रव्यांचे त्रिकोण मांडले आहेत. ही मांडणी रोमच्या कास्तेलानी घराण्याच्या दागिन्यांवरून सुचली. १८३६ मध्ये इटलीतील चेर्वेतेरी येथे रेगोलिनी-गालास्सी हे एट्रुस्कन थडगे उघडले गेले, आणि त्यातील सोन्याच्या वस्तूंच्या धर्तीवर फोर्तुनातो पिओ कास्तेलानी व त्यांच्या मुलांनी नवे दागिने घडवले. मात्र ०.२ मिलिमीटरहूनही बारीक असा प्राचीन रवा त्यांना मूळ कारागिरांच्या तोडीने साधला नाही, कारण डाख (सांधा जोडण्यासाठी वितळवायचा मिश्रधातू) कितीही बारीक घेतला तरी वितळताच तो रव्यांमधल्या फटींत उतरतो. माझ्या मते रवाकामाचा जीव या फटींतच असतो. त्या बुजल्या की सावली नाहीशी होते आणि रव्यांचा नुसता खडबडीत थर उरतो.

म्हणून या पदकात डाख मुळीच वापरलेला नाही. तांब्याचा क्षार आणि सेंद्रिय चिकट द्रव यांच्या मिश्रणाने रवे चिकटवून तापवले की क्षाराचे ऑक्साइड होते, चिकट द्रवाचा कोळसा होतो आणि तो कोळसा ऑक्साइडमधून शुद्ध तांबे मोकळे करतो. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, पण २८ टक्के तांबे मिसळलेली चांदी ७७९ अंशांनाच वितळते. त्यामुळे रवा आणि पत्रा जिथे टेकतात तेवढाच बिंदू आधी पाघळतो आणि बाकी सर्व जसेच्या तसे राहते. ब्रिटनमधील लिटलडेल यांनी १९३० च्या दशकात या पद्धतीचे पेटंट घेतले होते.

रवे एकसारखे हवेत, आणि त्यासाठी मोजून कापलेल्या तारेइतके खात्रीचे साधन नाही. ०.३ मिलिमीटर जाडीची तार ०.५ मिलिमीटरच्या सुईवर गुंडाळून तिच्या एकेक वेढ्याची कडी कापली, की त्या कडीचा वितळून सुमारे ०.७ मिलिमीटर व्यासाचा रवा होतो. कड्या कोळशाच्या भुकटीत थर देऊन मुशीत ठेवाव्यात, म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. गार झाल्यावर रवे धुऊन चाळून घेतले.

तांब्याचा क्षार मोरचूद आणि धुण्याचा सोडा यांच्या द्रावणांतून घरीच तयार होतो. खाली बसलेला निळसर-हिरवा साका अनेकदा धुऊन वाळवावा. चिकट द्रवासाठी आपल्याकडील जुने सोनार गुंजा उगाळत असत, पण गुंजेचे बी अत्यंत विषारी असल्याने मी इंदूरच्या सियागंजातून आणलेला बिहीदाणा (बिही फळाच्या बिया) भिजवून त्याचा बुळबुळीत द्रव वापरतो. ओल्या कुंचल्याने एकेक रवा उचलून बसवल्यावर चकती पूर्ण वाळू द्यावी, कारण ओलावा राहिला तर उकळणारे पाणी रवे उडवून देते.

तापवताना ज्योत कमी हवेची, मऊ ठेवली आणि उष्णता प्रामुख्याने खालून दिली, कारण चिमुकले रवे पत्र्याच्या आधीच तापतात. रव्यांवरून क्षणभर ओलसर चकाकी सरकते, त्याच क्षणी ज्योत बाजूला घ्यावी लागते. त्रिकोण घट्ट बसले आहेत. सुईने ढकलूनही रवा हलत नाही, आणि दहापट भिंगातून पाहिले तर प्रत्येक रव्याच्या तळाशी बारीक मान दिसते.

सराफ्यात ‘अँटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक ओतीव दागिन्यांत ही मान सापडत नाही, कारण साच्यातून आलेला रवा पत्र्यातूनच वर फुगलेला असतो आणि फटींत काळा रंग भरून खोली दाखवलेली असते. मला तो रंग नको आहे. या पदकावर सावली पाडण्याचे काम रव्यांनीच करावे.

यापुढे कडेला दोन तारांचा पीळ बसवायचा आहे. तो याच मिश्रणाने जोडणार आहे, आणि त्या तापवण्यात आधीचे सांधे पुन्हा पाघळू नयेत म्हणून या वेळी ज्योत मध्यभागापासून दूर, कडेकडेनेच फिरवीन.