भरतीचं कोष्टक घेऊन ब्यूफर्टला

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याच्या दक्षिण टोकाला ब्यूफर्ट काउंटी (जिल्हा) आहे. तिथे जाणारे बहुतेक लोक हिल्टन हेडच्या रिसॉर्टांत आणि गोल्फच्या मैदानांतच रमतात. मला विचाराल तर ते सोडा आणि 1711 साली वसलेलं ब्यूफर्ट गाव व त्यापलीकडचं सेंट हेलेना बेट पाहा. शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराहून गाडीने साधारण तासाभराचं अंतर आहे. मुक्कामासाठी मात्र गुरुवारची रात्र टाळा. पॅरिस आयलंडवर मरीन सैनिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथलं दीक्षांत संचलन सहसा शुक्रवारी असतं आणि आदल्या दिवसापासून नातेवाइकांनी हॉटेलं भरलेली असतात.

तिथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक जास्त कामाला येतं. पाणी सात-आठ फूट चढतं-उतरतं. मुंबई-अलिबागकरांना त्यात नवल वाटणार नाही, पण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर एवढी भरती सगळीकडे नसते. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतचा किनारा आत वळलेला आहे आणि त्या वळणाच्या पोटात पाणी कोंडून वर चढतं. जमीन इतकी सपाट की ओहोटीला मैलच्या मैल खाजण उघडं पडतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास बारा मिनिटं, आणि वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. समुद्रकाठच्या वेळा गावातल्या धक्क्याला लावू नका. आतल्या नदीत भरती उशिरा पोचते, म्हणून कोष्टक नेमकं त्या ठिकाणचंच बघा.

कायाक घेऊन खाडीत शिरायचं असेल तर पूर्ण भरतीच्या दोन तास आधी निघा. पाणीच तुम्हाला आत नेतं. भरती थबकली की वळा, परतताना ओहोटी साथ देते. आत रेंगाळलात तर बारीक फाटे बघता बघता कोरडे पडतात आणि कायाक चिखलात रुतते. अशा वेळी उतरून ढकलायच्या भानगडीत पडू नका. चिखल मांडीपर्यंत आत घेतो, आणि त्यात दडलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पुढची भरती येईपर्यंत बसून राहायचं. म्हणून पाणी, टोपी आणि जाड तळाचे जुने बूट सोबत हवेतच. कापलंच तर जखम लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, खाऱ्या पाण्यातल्या जखमा लवकर चिघळतात. चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गटाराचा नव्हे. हवा न लागता गवत कुजतं, तेव्हा जिवाणू त्या वासाचा वायू सोडतात.

कोळंबी हा त्या भागाचा जीव. लोक धक्क्यावरून किंवा होडीतून पाग टाकतात. शरद ऋतूत साठ दिवस आमिष लावून कोळंबी धरायची मुभा असते: उथळ पाण्यात जास्तीत जास्त दहा काठ्या रोवायच्या, मातीत कालवलेले मासळीच्या पिठाचे गोळे त्यांच्याजवळ टाकायचे आणि रात्री एकेका काठीपाशी पाग फेकायचा. परवाना लागतो, आणि परराज्यातल्यांना तो फार महाग पडतो. त्यापेक्षा कुणाच्या होडीत बसून बघणं बरं.

हॉटेलात मात्र कोळंबी तिथलीच आहे का, हे विचारून घ्या. अमेरिकेत खाल्ली जाणारी बहुतेक कोळंबी बाहेरची, आणि पुरवठादारांत भारत पहिला. त्यामुळे खाडीकाठच्या ताटात आंध्रच्या तळ्यातली कोळंबी सहज असू शकते. भारतीय कोळंबीवर 2005 पासून अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचा जादा कर) आहे, तरी स्वस्त मालापुढे तिथल्या ट्रॉलरवाल्यांचा टिकाव लागणं कठीण झालंय.

फ्रॉगमोर स्ट्यू हा पदार्थ सेंट हेलेना बेटावरचाच. नाव स्ट्यू, पण रस्सा नसतो. सहा जणांसाठी सहा-सात लिटर पाणी उकळा आणि त्यात ओल्ड बे मसाला चांगला सढळ हाताने घाला. दीड किलो लहान लाल बटाटे आधी, पंधरा मिनिटं. मग किलोभर स्मोक्ड सॉसेजचे तुकडे, पाच मिनिटं. मग सहा कणसं अर्धी करून, आणखी पाच. शेवटी सालासकट, डोकी काढलेली दीड किलो कोळंबी, फक्त तीन मिनिटं. ती गुलाबी होऊन वळली की लगेच सगळं पाणी ओतून टाका. बिघडतं ते इथेच. आच बंद केली तरी गरम पाण्यात ती शिजत राहते आणि रबरासारखी होते. मग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावरच ओतायचं.

सेंट हेलेनावर पेन सेंटरला दोन तास द्या. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 च्या नोव्हेंबरमध्ये, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल हे जवळचं बंदर घेतलं, मळेवाले पळाले आणि 1862 मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्या माणसांसाठी तिथे शाळा निघाली. गुल्ला लोकांची, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांची, बोली आणि शेती त्या परिसरात अजून टिकून आहे. गावातल्या क्रेव्हन स्ट्रीटवर चर्चच्या आवारात रॉबर्ट स्मॉल्स यांची कबर आहे. गुलामगिरीत असतानाच त्यांनी 13 मे 1862 च्या पहाटे चार्ल्स्टनच्या बंदरातून 'प्लांटर' हे जहाज पळवून उत्तरेच्या हवाली केलं आणि पुढे ते अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसले.

सेंट हेलेनापलीकडच्या, समुद्राला लागून असलेल्या हंटिंग आयलंडला ओहोटीच्या दोन तास आधी पोचा. किनारा खचत चाललाय, भरतीला उन्मळलेल्या झाडांमधून चालायला वाळूच उरत नाही. 1875 चं दीपगृह ओतीव लोखंडाच्या तुकड्यांचं आहे, बोल्ट सोडून हलवता यावं म्हणून. 1889 मध्ये ते खरंच सोडवून मैलभर आत नेलं. वर 167 पायऱ्या आहेत, पण चढायला खुलं आहे का ते आधी पाहून घ्या.

वसंतात आणि शरदात वारा पडला की डोळ्यांना न दिसणाऱ्या माश्या फोडून काढतात. लांब बाह्या घाला, पहाट-संध्याकाळ सोडून फिरा. आणि गावातला वुड्स पूल बोटीसाठी फिरतो तेव्हा गाड्यांची रांग लागते. सेंट हेलेना बेटावर वेळेत पोचायचं असेल तर दक्षिणेकडच्या मॅकटीअर पुलावरून जा.