कूलर बंद झाल्यावर

मे महिन्यात नागपुरात कुणालाही फिशटँकच्या पंपाचा आवाज येत नाही. खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत शेजारचं भांडणसुद्धा ऐकू येत नाही, तिथं पंपाची काय कथा! पाऊस नीट लागला, कूलर बंद झाला, की पहिल्याच रात्री घरातलं कुणीतरी विचारतं, "हे काय गुणगुणून राहिलं बाप्पा?"

पंप उघडला तर आत फारसं काही नसतं. तारेची गुंडाळी, दांडीवर बसवलेलं चुंबक आणि रबराचा पडदा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तेवढ्याच वेगानं चुंबक थरथरतं आणि पडदा खोलीतली हवा नळीत ढकलतो. म्हणजे गुणगुण हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे. पण तोच पंप लाकडी शोकेसवर ठेवला की आतल्या कपबश्यांसकट अख्खं शोकेस बोलायला लागतं. खाली जाडसर स्पंजचा तुकडा ठेवायचा, पंप भिंतीला टेकू द्यायचा नाही. निम्मी कटकट तिथंच मिटते. काही लोक त्याला टॉवेलात गुंडाळतात किंवा डब्यात कोंबतात. असं करू नये. तो तापतो, आणि त्याला हवा तरी कुठून मिळणार?

आवाज हळूहळू वाढत गेला तर आधी पाण्यातला एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, बघावा. बोअरच्या पाण्याचा खार त्यात बसतो, हवा अडते आणि सगळा ताण पडद्यावर येतो. बुडबुडे कमी करायला नळी चिमटणारेही हाच ताण वाढवतात. त्यापेक्षा नळीत टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवावा आणि जास्तीची हवा बाहेर सोडून द्यावी.

आमच्या आईचा उपाय सगळ्यात सोपा होता. "रात्री मासेही झोपतात ना, मग कायले पाहिजे मशीन?" पण टाकीत वनस्पती असतील तर अंधारात त्याही ऑक्सिजन वापरतात. बटण बंद करावंसं वाटतं नेमकं तेव्हाच पंपाची गरज जास्त असते. उन्हाळ्याचंही तेच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. बाहेर ४५ अंश असताना टाकीतलं पाणी सहज तिशी ओलांडतं. आणि याच दिवसांत पंप बंद पडला तरी कूलरपुढे कुणाच्या कानाला कळत नाही. म्हणून मे महिन्यात मी जाता-येता बुडबुड्यांकडे नजर टाकतो. पावसाळ्यात कान पुरतात.

लाईट गेली की वेगळाच धोका. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर टाकीतलं पाणी नळीतून उलटं खाली येऊ शकतं, पंपात आणि तिथून बोर्डापर्यंत. पंप पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवावा. तो उलटा बसला तर बुडबुडेच येत नाहीत, त्यामुळे चूक लगेच कळते. वायर प्लगकडे जाण्याआधी थोडी खाली लोंबती असावी, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटात न शिरता खाली पडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असला तर उत्तम, तरी टाकीत हात घालताना प्लग काढलेला बरा.

आणखी एक. पंप खोलीतलीच हवा ओढतो, आणि आमच्याकडे टँक हॉलमध्ये, देवघरही हॉलमध्ये. पावसाळ्यात डासांची कॉइलही तिथंच लागायची. तो सगळा धूर माशांच्या पाण्यात. धूपाची जागा बदलायला आई तयार नव्हती, शेवटी पंपच खिडकीकडे सरकला.

ज्याला एवढीही गुणगुण नको, त्यानं फायटर मासा पाळावा. तो वर येऊन बाहेरची हवा घेतो, पंपावाचून त्याचं अडत नाही. फक्त टाकी काठोकाठ भरून घट्ट झाकायची नाही. हे ऐकून आई खूश झाली. मग तिनं विचारलं, "सोबत कोण राहते त्याच्या?" म्हटलं, दुसरा नर ठेवला तर भांडून मरतात, एकट्यालाच ठेवतात. ती म्हणाली, "एकटा? मग राहू दे बाप्पा तुझा पंपच."