रोजची साडी : पावसाळ्यानंतरची नोंद

मैत्रिणींनो, पावसाळ्यात मी साडी जवळजवळ बंदच ठेवली होती. भिजलेली सुती साडी जड होते, पायांत घोटाळते, आणि स्कूटरवर तो धोका मला नको होता. नवरात्राच्या आसपास पुन्हा सुरुवात केली आणि आता गाडी रुळावर आली आहे. आठवड्यातले निम्मे दिवस ऑफिसला साडी असते. पूर्वी आदल्या रात्री ‘जमेल ना?’ असं वाटायचं, आता फक्त ‘उद्या कोणती?’ एवढंच ठरवायचं असतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी पुण्यात एका आयटी कंपनीत काम करते. जाणं-येणं स्कूटरवर, दिवसभर मीटिंगा, जिने आणि व्हाइटबोर्ड. आमच्याकडे साडी दिसते ती ट्रॅडिशनल डेला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला. एरवी नेसून गेलं की लिफ्टपासून जागेवर पोचेपर्यंत तीन जण तरी विचारतात, ‘आज काय विशेष?’ विचारणारे प्रेमानेच विचारतात. पण दर वेळी उत्तर देताना आपण नकळत स्वतःकडे बाहेरून पाहू लागतो, पदर सारखा करू लागतो, आणि अंगावरचा मोकळेपणा जातो. म्हणून या वर्षी मी एकच ध्येय ठेवलं : माझ्या अंगावरची साडी सणाची न वाटता रोजची वाटली पाहिजे.

त्यासाठी आधी नीट पाहिलं की साडी ‘सणाची’ नेमकी कशामुळे वाटते. साडी स्वतः त्यातली थोडीच असते. लांब झुमके, हातभर बांगड्या, केसांची वेगळी रचना, ठेवणीतल्या चपला, गडद लिपस्टिक हे सगळं आपण साडीबरोबर आपोआप बाहेर काढतो. मी ते थांबवलं. रोजचं घड्याळ, रोजचे छोटे टॉप्स, नेहमीची वेणी किंवा क्लिप, पायांत सपाट कोल्हापुरी किंवा पांढरे कॅनव्हासचे बूट. कुर्त्यावर जी मी असते तीच साडीत. बदल इतका साधा आहे, पण परिणाम सगळ्यात मोठा याचाच झाला. हल्ली विचारतात ते साडी कुठली आहे हे, आणि त्या गप्पा मला मनापासून आवडतात.

साड्यांची निवडही त्याच हिशेबाने केली. झगमगती जर नको, काठ बारीक ते मध्यम, पदर फार भरलेला नको. सध्या फिरतीवर आहेत त्या दोन मंगळगिरी, एक माहेश्वरी, आईची एक नारायणपेठ आणि दोन इरकली. मंगळगिरीचं अंग साधं आणि विणकाम घट्ट, त्यामुळे निऱ्या एकदा बसल्या की संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. नवशिक्यांना मी हीच सुचवते. माहेश्वरीत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा असतो, म्हणून ती अंगावर हलकी पडते, आणि बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसत असल्याने साडी उलटसुलट कशीही नेसता येते. जेवताना आमटीचा थेंब पडला की याचा उपयोग कळतो. नारायणपेठेबद्दल फार लिहीत नाही, चौकडीची ती साडी तुमच्यापैकी निम्म्याजणींच्या घरी असेलच. बाहेर काढा, एवढंच म्हणेन.

इरकलीवर मात्र थांबायला हवं. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही साडी आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंत आज्या-पणज्यांनी रोज नेसली, शेतात आणि बाजारात नेसली. म्हणजे ती मुळातच रोजची आहे, आपण तिला आता कपाटात बसवलंय. अंगाचा रंग कोणताही असो, पारंपरिक इरकलीचा पदर लाल रेशमाचा आणि त्यात पांढरी नक्षी. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. दोन्हींचे धागे एकमेकांत कोंडी घालून अडकवतात, त्यामुळे एका वेळी एकाच साडीचा ताणा लावता येतो. हातात घेऊन पाहिलंत तर अंग संपून पदर सुरू होतो तिथे एक बारीक रेघ बोटाला लागते. माझ्या हिरव्या साडीवर ती रेघ नेमकी खांद्यामागे येते आणि मला ती फार आवडते.

आता यातून स्टायलिंगचा धडा असा निघाला : सगळ्या इरकलींचा पदर लाल, मग ब्लाउज एकच लाल पुरतो. आणि आपल्याकडे जुनी रीत हीच होती. साडीला जोडून ब्लाउजपीस येत नव्हता. चोळीचा खण वेगळा मिळायचा, कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचा, आणि तो साडीच्या रंगाशी जुळलाच पाहिजे असा हट्ट कुणी धरत नव्हतं. ओटीत आलेल्या खणाची चोळी जी साडी असेल तिच्यावर चालायची. साडीच्या कापडाचाच ब्लाउज शिवायची सवय नंतरची. हे लक्षात आल्यापासून मी रनिंग ब्लाउजपीस, म्हणजे साडीलाच जोडून आलेलं कापड, शिवणं बंद केलं. ती कापडं वेगळी ठेवली आहेत, त्यांचं पुढे काही करेन.

त्याऐवजी तीन ब्लाउज नीट शिवून घेतले. एक गडद लाल खणाचा. बाजारात हल्ली खण म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच यंत्रमागावरचं कृत्रिम धाग्याचं असतं आणि ते दिवसभर अंगावर उकडतं, तेव्हा सूत-रेशमाचा खण मागून घ्या. खणाच्या कडेचे धागे सुटतात, म्हणून अस्तर आणि ओव्हरलॉक दोन्ही हवंच. दुसरा अजरख छपाईच्या कापडाचा. त्यात नीळ आणि लाल दोन्ही असल्याने तो माझ्या निम्म्या साड्यांवर बसतो. तिसरा साधा राखाडी, ‘टू बाय टू’ या ब्लाउजच्या कापडाचा, तुळशीबागेजवळच्या मॅचिंग सेंटरातून आणलेला. रंग निवडताना साडीच्या अंगाकडे न पाहता काठाकडे पाहायचं. काठातला सगळ्यात कमी दिसणारा रंग ब्लाउजला घेतला की सगळं जुळून येतं. माहेश्वरीच्या काठात राखाडीची एक बारीक रेघ आहे, ती मला राखाडी ब्लाउज घातल्यावरच दिसू लागली.

आता शिवणीकडे. ज्यांनी ‘ब्लाउज सारखा वर सरकतो, काय करू?’ असं विचारलं होतं त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते. आत्मविश्वास वगैरे आपण खूप बोलतो, पण व्हाइटबोर्डच्या वरच्या ओळीत लिहायला हात उचलला आणि पोटावरचा ब्लाउज चार बोटं वर गेला, की कसला आत्मविश्वास! माझ्या टेलरताईंकडे या वेळी मी मुद्दाम दुपारच्या निवांत वेळी गेले आणि समोर उभी राहून हात वर करून दाखवला.

‘ताई, मुंढा खोल नको,’ मी म्हटलं. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल काप.

‘अहो, मग काखेत काचेल की. सगळ्याजणी सैलच मागतात.’

‘काचायला नको, पण काखेच्या जवळ हवा. बाहीचा गोलवा थोडा वाढवा आणि मुंढा वर घ्या.’

त्यांनी कच्ची शिलाई मारून दिली, मी घालून पुन्हा हात वर केला. ब्लाउज जागचा हलला नाही. त्या दोन मिनिटं नुसत्या पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘आता मी माझाही असाच शिवते.’

कारण सरळ आहे. मुंढा खोल असला की बाही ब्लाउजला काखेच्या खाली, बरगडीजवळ जोडली जाते. हात वर गेला की बाही तिथून सगळं अंग वर ओढते. मुंढा काखेलगत असेल तर हात आपला आपण हलतो आणि अंग जागेवर राहतं. सैल म्हणजे आरामशीर हा समज ब्लाउजच्या बाबतीत उलटा पडतो.

बाकीच्या सूचना पटापट देते. माप देताना रोज वापरता तीच ब्रा घालून जा. अस्तर आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. कटोरीचा ब्लाउज शिवत असाल तर कटोरी उरेब, म्हणजे तिरक्या कापडात बेतलेली हवी. उंची नेहमीपेक्षा इंचभर जास्त. हुक पुढे, म्हणजे सकाळी कुणाची मदत लागत नाही. बाही कोपरापर्यंत, एसीत तीच बरी. आणि शिवणीत दोन्ही बाजूंना इंचभर दाब, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगाच. वर्षभरात अंग कमी-जास्त होतं, ते व्हायचंच. तेव्हा शिवण उसवून ब्लाउज सैल करायचा आणि पुढे जायचं. जुन्या मापाचा ब्लाउज ‘बारीक झाले की घालेन’ म्हणून जपून ठेवण्यासारखं दुसरं दुःख नाही, मी माझे तसले सगळे या दिवाळीला देऊन टाकले.

स्कूटरवरची नेसण आता पक्की झाली आहे. परकर सुती आणि भरपूर घेराचा, सहा कळ्यांचा. परकराऐवजी घालायचं घट्ट शेपवेअर उभं राहून छान दिसतं, पण त्यात स्कूटरवर नीट बसता येत नाही आणि सिग्नलला पाय टेकताना अडतं. चप्पल आधी घालायची, मग साडी. घोट्याच्या किंचित वर. निऱ्या खोचण्यापूर्वी उजवा पाय खुर्चीवर ठेवून पाहते. तो सहज गेला तरच निऱ्या खोचायच्या, नाहीतर आणखी एक निरी सोडून घेर वाढवायचा. पदराच्या घड्या अरुंद करून खांद्याला पिन लावते. पिनेत आधी एक मणी ओवून घेतला की कापड तिच्या कडीत अडकून फाटत नाही. मागचा पदर उजव्या हाताखालून पुढे आणून कमरेला घट्ट खोचायचा, हे कधीही विसरायचं नाही. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यांनी चाकाला साडी गार्ड आहे ना ते पाहूनच बसा. मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण असावं असं मोटार वाहन नियमच सांगतात. कुणी ते ‘दिसायला बरं नाही’ म्हणून काढून टाकलं असेल तर परत लावायला लावा.

किल्ल्या आणि ऑफिसच्या कार्डासाठी परकराच्या नाडीत ओवता येईल असा छोटा कापडी बटवा शिवला आहे. डाव्या कमरेला, पदराच्या आत राहतो. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचणाऱ्या बायका आपण लहानपणी पाहिल्यात, जागा तीच आहे.

काहीजणींना साडीत असे बदल करणं खटकतं हे मला ठाऊक आहे. त्यांना मी ज्ञानदानंदिनी देवींची आठवण करून देते. टागोरांच्या घरातली ही सून १८६० च्या दशकात नवऱ्याबरोबर मुंबईला आली, पारशी बायकांची नेसण शिकली, आणि उजवा हात मोकळा राहावा म्हणून पदर डाव्या खांद्यावर घेऊ लागली. बरोबर ब्लाउज आणि परकर. घराबाहेर पडायचं म्हणून तिने ही नेसण घडवली. आज आपण ऑफिसला नेसतो त्या साडीवर तिची छाप आहे, आणि ती तयार झाली आपल्या मुंबईत. बाहेर पडणाऱ्या बाईने आपल्या सोयीने साडी बदलायची, ही रीत दीडशे वर्षं जुनी आहे.

सहावारीचा काष्टा अजून शनिवार-रविवारपुरताच आहे. मंडईत, टेकडीवर, घरकामाला उत्तम. पाय दोन्ही बाजूंना पूर्ण मोकळे राहतात. नऊवारीत जो भरगच्चपणा येतो तो सहा वारांत येत नाही, म्हणून आत लेगिंग्ज घालते आणि काठ फार वर जाऊ देत नाही. ऑफिसात नेसून जाण्याइतका तो माझ्या अंगवळणी पडलेला नाही. मागे खोचलेला काष्टा दिवसभर खुर्चीत बसल्यावर ढिला पडतो, त्यावर उपाय शोधतेय. आतून पट्टा बांधून पाहिला, ठीकठाक वाटला.

निगा म्हणाल तर साबुदाण्याची खळ, अगदी पातळ. दोन चमचे साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत उकळून, गाळून, भरपूर पाण्यात मिसळायचा. कडक खळीची साडी फुगते आणि पुन्हा सणाची दिसते, मऊ खळीत ती अंगाला धरून राहते. इरकलीचा लाल रंग पहिल्या काही धुण्यांत सुटतो, तेव्हा ती वेगळीच धुवायची आणि सावलीत वाळवायची.

पुढचं काम ठरलंय. विदर्भातली करवत काठी टसर रेशमाची साडी घ्यायची आहे. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी आणि टसरचा तो मूळचा मधाळ रंग. घडी मोडायची ती एखाद्या साध्या कामाच्या मंगळवारीच. माझा अडसर ब्लाउजचा आहे. लाल घातला तर लगेच लग्नाची दिसेल, राखाडीने टसरचा रंग मरेल असं वाटतं. गडद जांभळं सूत किंवा काळपट हिरवं मंगळगिरीचं कापड डोक्यात आहे. तुमच्यापैकी कुणी टसर रोजच्या वापरात नेसत असेल तर कशावर नेसता ते सांगा, आणि टसरच्या काखेत घामाचे डाग पडू नयेत म्हणून काय करता तेही.