"सर, ह्याचे डोळे बघा ना"

पहाटे साडेपाचला दार वाजलं. बाईकवर ट्रिपल सीट, पुढे काका, मध्ये पोट धरून बसलेला 15-16 वर्षांचा मुलगा आणि मागून त्याला धरून त्याचा मित्र. एवढ्या आतल्या गावातलं आरोग्य केंद्र, मी जॉईन होऊन चारच महिने झालेले. पोटात दुखतंय, एक उलटी झाली, ताप नाही, पोट हाताला मऊ. काका म्हणाले घरातच झोपला होता. मी सिस्टरना अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन भरायला सांगितलंसुद्धा, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "सर, ह्याचे डोळे बघा ना. हा असा नाही बघत कधी."

म्हटलं झोप झाली नसेल. तर म्हणे, "पहिलीपासून एका बाकावर बसतोय सर आम्ही." वर बघ म्हटलं तर पापण्या अर्ध्यावरच अडकल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला. रात्री जमिनीवर झोपला होतास का? पेशंटनं मान हलवली, नाही. मित्र एकदा त्याच्याकडे, एकदा काकांकडे बघत राहिला आणि मग फुटलाच, "शपथ घातलीय ह्यानं, पण सांगतो." टेकाडावर रेंज येते म्हणून दोघं गुपचूप गेमसाठी गेलेले आणि तिथल्याच खोपटात जमिनीवर झोपलेले. पेशंटनं त्याच्याकडे असं बघितलं ना, अर्धे मिटलेले डोळे असूनसुद्धा राग कळत होता.

टॉर्च मारून अंगभर शोधलं, खूण कुठेच नाही. पण संशय मण्यारचाच, हा साप चावला की त्या जागी बऱ्याचदा ना सूज ना दुखणं. काचेच्या ट्यूबमध्ये घेतलेलं रक्त 20 मिनिटांत नीट गोठलं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या घोणस-फुरशाचा संशय कमी. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं आणि सर्पविषाच्या लसीच्या 10 व्हायल चालू केल्या. स्नायूंची ताकद परत यावी म्हणून निओस्टिग्माइनही दिलं, मण्यारला ते फारसं लागू पडत नाही, इथंही नाहीच पडलं. आवाज नाकातून यायला लागला तसं त्याला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं.

वाटेत श्वास उथळ झाला. दोन्ही हातांनी मास्क मी दाबून धरलेला, सिस्टर सलाईन आणि सक्शनमध्ये अडकलेल्या, मग श्वास देणारी अ‍ॅम्बू बॅग दाबणार कोण? दिली मित्राच्या हातात. दर पाच-सहा सेकंदांना एकदा, मोठ्यानं मोज म्हटलं. तो मोजत होता, रडत होता, मध्येच त्याच्याशी बोलत होता आणि आकडे चुकत होते, पण बॅग काही थांबली नाही. पाऊण तास.

चार दिवस व्हेंटिलेटर लागला. पंधरा दिवसांनी दोघं चालत आले केंद्रात. मी विचारलं, गाडीतलं काही आठवतं का रे? तर म्हणे, "सगळं ऐकू येत होतं सर, नुसती पापणी हलत नव्हती. आणि माझी चप्पल विहिरीत ह्यानंच टाकली होती, ते पण कळलं."

मित्र खिडकीबाहेर बघत होता.