हाएनाचं पार्किंग आणि मामांचं अळू

“म्हणजे माणशी पाच डॉलर वेगळे, गाडीचे दहा वेगळे, आणि गाडी किती वाजता लावायची, कधी काढायची तेही त्यांनीच ठरवायचं?” मामांना काही केल्या पटेना.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. कृषी खात्यातून निवृत्त, अर्धी नोकरी अकोले तालुक्यात झालेली. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड किती वेळा चढलेत याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. त्यांच्या मते ट्रेकचं पार्किंग म्हणजे पायथ्याच्या गावात मारुतीच्या देवळासमोर गाडी उभी करायची, समोरच्या घरी “उतरताना जेवायला आहोत” असं सांगायचं आणि चालू पडायचं. काउआई बेटावरच्या कलालाऊ ट्रेलला असं चालत नाही, हे त्यांच्या गळी उतरवताना मीच मेटाकुटीला आलो.

तर नियम असा. हवाईतलं काउआई बेट, त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचा रस्ता जिथे संपतो तिथे हाएना स्टेट पार्क. नापाली कड्यांच्या पोटातून जाणारी कलालाऊची पायवाट तिथूनच सुरू होते. या पार्कात दिवसाला ९०० पाहुण्यांनाच सोडतात. हवाईच्या रहिवाशांनी ओळखपत्र दाखवलं की झालं, त्यांना पैसे नाहीत की बुकिंग नाही. बाकी आपल्यासारख्या उपऱ्यांनी ३० दिवस आधी ऑनलाइन नोंदणी करायची. गाडी आणायची तर पार्किंगचा स्लॉट वेगळा: सकाळी साडेसहा ते साडेबारा, साडेबारा ते साडेपाच, आणि साडेचार ते सूर्यास्त. गाडी नको असेल तर वाइपाहून शटल आहे, तिचे आमच्या वेळी माणशी चाळीस डॉलर होते. मी, बायको आणि मामा, तिघांचे एकशे वीस. गाडीने गेलो तर सगळे मिळून पंचवीस. आता मध्यमवर्गीय मराठी माणूस कशाच्या मागे लागेल ते सांगायला नको.

नवीन तारखा उघडतात हवाईच्या मध्यरात्री. उन्हाळ्यात आमच्याकडे कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. मी लॅपटॉप, बायको फोन, अशी आम्ही मोर्चेबांधणी केली. पडद्यावर हिरवे चौकोन दिसले, मी एकावर बोट ठेवलं, नाव-पत्ता भरला, आणि तोवर तो चौकोन राखाडी झाला होता. बायकोला सकाळचा स्लॉट मिळाला. गाडी जास्त वेळ ठेवता यावी म्हणून दुपारचाही लगेच जोडून घ्यावा म्हटलं तर तो संपला होता. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मी तेच पान उघडून बघायचो, कुणी दुपारचं रद्द केलंय का. करतात लोक रद्द. पण ते मला मिळालं नाही.

पासांच्या या जंगलाची आम्हाला सवय नाही असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्युअर वूड्सला २०१८ पासून गाडी लावायला आरक्षण लागतं. सिएटलला मेहुणीकडे गेलं की तिच्या गाडीत दोन पास लटकलेले असतात, एक राज्याचा डिस्कव्हर पास आणि दुसरा केंद्राच्या वनखात्याचा नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास. एका ट्रेलहेडला हा चालतो, पुढच्याला तो, आणि कुठला कुठे हे तीही दर वेळी फोनवर बघूनच सांगते. पण हे पास वर्षाचे असतात. एकदा पैसे भरा, गाडीत टाका, विसरा. हवाईत मात्र तारीख आणि वेळ दोन्ही बांधलेल्या. होनोलुलूच्या डायमंड हेडलाही मे २०२२ पासून बाहेरच्यांना बुकिंग लागतं, तिथे गाडीचे स्लॉट तर दोन-दोन तासांचे. पण तो डोंगर तासा-दीड तासात होऊन जातो, त्यामुळे काही वाटत नाही.

हाएनाचं तसं नाही. पहिले सव्वातीन किलोमीटर हानाकापिआईच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत, आणि तिथून आत दरीत तेवढंच चाललं की धबधबा. जाऊन-येऊन तेरा किलोमीटर, तेही लाल निसरड्या मातीवरून, दगडांवरून आणि ओढा ओलांडून. सकाळच्या स्लॉटच्या सहा तासांत हे तरुण पोरं करतात. अडुसष्ट वर्षांच्या मामांना घेऊन नाही होत. थोडक्यात आम्ही कुठवर चालणार हे आमच्या गुडघ्यांआधी पार्किंगच्या पावतीने ठरवून टाकलं होतं.

बेटावरच्या बाकीच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वायमिया कॅन्यनला ढग होते, तासभर पांढऱ्या भिंतीकडे बघितलं आणि परत आलो. भाड्याच्या घरातल्या गाद्या इतक्या मऊ की मामा जमिनीवर चादर टाकून झोपले.

हाएनाच्या दिवशी पहाटे पाचला निघालो. हानालेईच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो, पूल एकपदरी, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या. फाटकाशी पोचलो तेव्हा साडेसहाला पाच कमी होते आणि आमच्या पुढे एक जीप. त्या कुटुंबाकडे राष्ट्रीय उद्यानांचा ऐंशी डॉलरवाला वार्षिक पास होता. बाई तो पास पुन्हा पुन्हा खिडकीतून बाहेर काढून दाखवत होती. फाटकावरचा माणूस शांतपणे सांगत होता, की हे राज्याचं उद्यान आहे, इथे तो चालत नाही. मग नवऱ्याने फोनवर तिथल्या तिथे बुकिंग करायचा प्रयत्न केला, पण त्या भागात नेटवर्कच नाही. जीप वळली. मागच्या सीटवरच्या मुलीने काचेला नाक लावून आमच्याकडे बघितलं.

“सोडायचं ना एखाद्याला,” मामा म्हणाले. “नऊशेचे नऊशे चार झाले तर काय डोंगर खचणार आहे?”

मला तेव्हा त्यांचं अगदी पटलं. आमच्या कागदाची घडी मात्र मी हातात घट्ट धरून ठेवली होती.

पायवाट सुरुवातीलाच दगडी चढाने घाम काढते. अर्ध्या-पाऊण तासात झाडी उघडते आणि नापालीचे कडे एकामागे एक समुद्रात उतरलेले दिसतात. मामा थांबले आणि म्हणाले, “हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली समुद्र आणून ठेवलाय.” याहून चांगलं वर्णन मला जमणार नाही. हानाकापिआईला पोचलो तेव्हा साडेनऊ होत होते. तिथे लाटा आणि ओढ इतकी वाईट आहे की पाण्यात उतरू नका असं पाट्या बजावून सांगतात. धबधब्याकडे जाणारी पोरं झपाझप निघून गेली. आम्ही दगडावर बसून थेपले खाल्ले. मामांना जायचं होतं. मी घड्याळ दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दरीकडे तोंड करून बसले.

उतरताना मी त्यांना घाई केली याचा मला अजून राग येतो, आणि तो मी त्या स्लॉटवर काढतो. ओल्या मातीवर घाई करायला लावणारा नियम कुणी डोंगर चढणाऱ्याने केलेला नसावा. एका वळणावर मामांचा पाय सटकला, मागून येणाऱ्या एका मुलीने त्यांचा दंड धरला म्हणून बरं. माणसं मोजा, हवं तर नऊशेची सातशे करा, पण जो चालायला आलाय त्याला अख्खा दिवस द्या. शटलने येणाऱ्याला निदान गाडी काढायची धास्ती नसते, हे मला तेव्हा कळून चुकलं. एकशे वीस डॉलर एकदम महाग वाटेनासे झाले.

एवढी धावपळ करून खाली आलो तर पावणेबाराच वाजले होते. पार्किंग आणि किनारा यांच्यामध्ये एक लाकडी वाट आहे, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं. सकाळी अंधुक उजेडात आम्ही तिथून तरातरा निघून गेलो होतो. आता मामा जागीच उभे राहिले.

“अरे, हा अळू आहे!”

अळूच होता. गुडघाभर उंच, तळहातापेक्षा कितीतरी मोठी पानं, आणि खाली वाहतं पाणी. तिथे त्याला कालो म्हणतात. खाचरात एक बाई चिखलात उभी राहून तण काढत होती. हाएनातल्या मूळ घराण्यांच्या वंशजांनी मिळून ही जुनी खाचरं पुन्हा लागवडीखाली आणली आहेत. मामांनी सरळ वाटेवर बैठक मारली आणि आपल्या इंग्रजीत विचारलं, “गड्डा सडत नाही का एवढ्या पाण्यात?”

बाईने वर बघितलं. मला वाटतं रोज शेकडो लोक तिथून फोटो काढत जातात, पण हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ती म्हणाली, पाणी थंड आणि वाहतं असेल तर नाही सडत, साचून तापलं की सडतो. मग ते दोघं सुरूच झाले. पीक किती महिन्यांचं? वर्षभराचं धरा. पानं खाता का? खातो, पण नीट शिजवून. मामा म्हणाले, आम्ही चिंच घालतो, नाहीतर घसा खाजतो. लग्नाच्या पंगतीत अळूची पातळ भाजी कशी असते, तिच्यात शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ कशी घालतात, हे सगळं तिला सांगून झालं. तिने सांगितलं की त्यांच्या कथांमध्ये कालो हा माणसाचा थोरला भाऊ. आकाशाचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे हे रोप उगवलं, आणि दुसरं मूल म्हणजे माणूस. थोरल्याने धाकट्याला पोसायचं, धाकट्याने थोरल्याची काळजी घ्यायची. मामांनी यावर मान डोलावली, जणू हे त्यांना कृषी खात्यात असतानाच माहीत होतं.

मी मध्येच माझं घड्याळाचं रडगाणं गायलं. ती हसली. मग तिने २०१८ ची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी १४ आणि १५ एप्रिलला इथे चोवीस तासांत जवळपास पन्नास इंच पाऊस पडला. अमेरिकेतला तो विक्रम आहे. मी मनात गणित केलं, १२६० मिलिमीटरच्या वर. मामांनी मला विचारलं आणि मग त्यांना आकडा कळला तेव्हा ते एकदम ताठ बसले. मुंबईत सव्वीस जुलैला २००५ मध्ये सांताक्रूझला पडला तो ९४४. इथे हाएनाच्या बाजूला दरडी कोसळल्या, रस्ता तुटला, हानालेईतल्या कळपातले बायसन, म्हणजे अमेरिकी गवे, समुद्राकडे वाहून गेले आणि काहींना नंतर किनाऱ्यावरून पकडून आणावं लागलं. पार्क जून २०१९ पर्यंत बंद होतं. तेवढा काळ पर्यटकांना या बाजूला मज्जाव होता, आणि गावकऱ्यांना ठरावीक वेळी निघणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यातूनच जा-ये करावी लागे. दुकान, शाळा, डॉक्टर, सगळं त्या वेळांवर.

“वर्षभर आम्ही घड्याळ बघून घरातून निघत होतो,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता.

आणि त्या वर्षात किनारा त्यांना परत मिळाला, असंही ती म्हणाली. पुराआधी इथे दिवसाला दोन हजारांहून जास्त माणसं यायची. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, रुग्णवाहिका अडकायची, म्हाताऱ्या माणसांनी पार्कातल्या केए नावाच्या किनाऱ्यावर यायचंच सोडून दिलेलं. पूर आला, शांतता झाली, मासे काठाशी दिसायला लागले. पार्काच्या आराखड्यावर चर्चा कितीतरी वर्षं आधीपासून चालू होती, नऊशेचा आकडा पुराने आणला नाही. पण पुराने लोकांना दाखवलं की गर्दी नसली तर ही जागा कशी असते. मग कुणीच जुन्या गर्दीकडे परत जायला तयार होईना.

मामांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. सकाळच्या जीपबद्दल ते काही बोलले नाहीत. मी विचारलं, “मग आता नऊशे चार चालतील का?” तर म्हणाले, “तू गाडी काढ आधी, साडेबारा होतायत.”

परतीच्या वाटेवर मात्र जुंपली. मामांचं म्हणणं, हरिश्चंद्रगडावरही हेच करायला पाहिजे, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर नक्कीच. मी म्हटलं, कासला करून झालंय, फुलांच्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला माणसांची मर्यादा. तरी रविवारी तिथे काय होतं ते तुम्ही बघितलंय. “कासचं राहू दे,” मामा म्हणाले. “गडाच्या पायथ्याच्या पाचनईवाल्यांच्या हातात द्या. त्यांची भातं, त्यांची जनावरं, त्यांचा रस्ता. पावती त्यांनी फाडायची आणि नाही म्हणायचं तेही त्यांनीच.” बायकोने मागून विचारलं की मुंबईहून रात्रभर गाडी चालवून आलेल्या वीस पोरांना पाचनईतली एक बाई नाही म्हणू शकेल का? मामा म्हणाले, तिच्यामागे सरकार उभं असेल तर म्हणेल. मी म्हटलं, आणि नसेल तर?

उत्तर आलं नाही, कारण एकपदरी पूल आला. तिथला रिवाज असा की समोरच्या पाच-सात गाड्या जाऊ द्यायच्या आणि मग आपल्या बाजूच्या पाच-सात निघायच्या. सिग्नल नाही, पोलीस नाही. आम्ही थांबलो. मामा काच खाली करून मोजायला लागले. सातवी गेली, आणि तिच्या मागे चिकटून आठवीही घुसली.

“भाड्याची,” मामा म्हणाले.