तालावेराच्या नावाखाली काहीही खपवतात राव

तयार चित्रं विकणाऱ्या कुठल्याही स्टॉक साइटवर 'मेक्सिकन टाइल पॅटर्न' सर्च मारून बघा, गुलाबी, पोपटी, फिरोजी, त्यावर ग्रेडियंट, मधेच एखादी कवटी आणि कॅक्टस, आणि खाली नाव काय तर तालावेरा. मी पॅकेजिंगची कामं करते त्यामुळे असले वेक्टर पॅक, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या तयार डिझाइन्सचे गठ्ठे, सतत नजरेखालून जातात, आणि त्यात बाकी सगळं असतं, फक्त तालावेरा नसतो.

खरा तालावेरा म्हणजे मेक्सिकोतल्या पुएब्ला आणि शेजारच्या त्लाक्सकाला राज्यातली मातीची भांडी नि टाइल्स. रंग किती तर सहा. निळा, पिवळा, काळा, हिरवा, केशरी आणि फिकट जांभळा, संपलं. त्यातही मान निळ्याचा, कारण तो ज्यापासून बनतो ते कोबाल्ट महाग, म्हणजे ज्याच्या घरी निळं जास्त तो तालेवार. 1653 मध्ये तिथल्या कुंभारांच्या गिल्डने, म्हणजे संघटनेने, नियमच केले होते, मालावर आपली खूण करा वगैरे, आणि उंची माल चिनी भांड्यांसारखा निळा असावा ही अपेक्षा, कारण फिलिपिन्समधल्या मनिलाहून येणाऱ्या जहाजांतून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात चिनी पोर्सिलेन उतरायचं आणि श्रीमंतांना त्याचंच वेड. म्हणून जुन्या बरण्यांवर अगदी चिनी वळणाचे पक्षी सापडतात. मुळात हात स्पॅनिश, त्यामागे अरबी, आणि वरून चीन. गोव्यातल्या घरांवरच्या आझुलेजो नावाच्या रंगीत टाइल्स याच खानदानातल्या, फक्त त्या पोर्तुगीजांकडून आलेल्या.

पण मला भारी वाटतो तो रंगवायचा प्रकार. भांडं एकदा भाजून झालं की कथिल घातलेल्या पांढऱ्या ग्लेझमधे, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपात, बुडवतात, ती वाळली की तिच्यावरच रंगवायचं आणि मग दुसरी भट्टी. डिझाइन टोचलेल्या कागदातून कोळशाची पूड थापून उतरवतात, आपल्या रांगोळीच्या छापासारखं, पण पुढचं सगळं हाताने. आणि ती कोरडी ग्लेझ ब्रश टेकल्या टेकल्या पाणी पिऊन टाकते, हात जरा रेंगाळला की डाग, खोडायची सोयच नाही. त्यामुळे फटकारा एका दमात मारावा लागतो, सुरुवातीला जाड, शेवटी निमुळता. भाजल्यावर कडा किंचित पसरतात, आणि दाट निळा थोडा वर उठून राहतो, बोट फिरवलं तर लागतो हाताला.

आता हे सगळं वेक्टरच्या एकसारख्या जाडीच्या आउटलाइनमधे कुठून येणार? मी तरी आधी बॅकग्राउंडचा पांढरा मारते, किंचित दुधाळ करते, मग रंग दोन, फार तर तीन, आणि प्रत्येक पाकळी वेगळी काढते, कॉपी-पेस्ट नाही. टाइलचं आणखी एक गंमतशीर, बऱ्याचदा एका टाइलवर कोपऱ्यात नुसतं पाव फूल असतं, चार फिरवून जोडल्या की पूर्ण होतं. पुएब्लाजवळ सान फ्रान्सिस्को आकातेपेकचं चर्च आहे, त्याचा अख्खा दर्शनी भाग टाइल्सने मढवलाय, फोटो झूम करून बघा, पॅटर्न कसा रचतात ते कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा जास्त कळतं.

आणि 'परंपरा जशीच्या तशी ठेवा' असंही माझं म्हणणं नाहीये हां. 1897 मध्ये एन्रिके लुइस व्हेंतोसा नावाचा कॅटलान, म्हणजे स्पेनच्या कॅटलोनियातला, माणूस पुएब्लाला आला, तेव्हा हा धंदा पार बसलेला होता, त्याने स्थानिक कारागिरांबरोबर काम करून त्यात नवी डिझाइन्स आणली आणि ते चाललंसुद्धा. 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तालावेराचं नाव लागलं ते मेक्सिको आणि स्पेन दोघांचं मिळून. म्हणजे बदल चालतो, पण तो ब्रश आणि ग्लेझ समजून घेऊन केलेला.

आणि क्लायंटला गुलाबी पाहिजेच असेल तर मेक्सिकोच्याच इदाल्गो राज्यातल्या तेनांगोचं, ओटोमी या आदिवासी समाजाचं भरतकाम दाखवा, तिथे गुलाबी मस्त शोभतो आणि प्राणीपण भन्नाट असतात, फक्त त्याला तालावेरा म्हणू नका.