फुलपात्र

हे लिहायला बसले ते बडोद्याच्या हाफ मॅरेथॉनमधल्या एका रिकाम्या टेबलामुळे. एरवी प्रवास तीनच दिवसांचा. शुक्रवारी रात्री नाशिकहून बस, सापुताऱ्याच्या घाटात झोपेचं खोबरं, शनिवारी सकाळी बडोदं, सोमवारी उजाडायच्या आत परत घरी. शनिवारचा दिवस छातीवर लावायचा बिब नंबर घेणं, कमाटीबागेत एक चक्कर आणि आतेबहिणीच्या हातचा उंधियू यांत संपला. बाहेरगावी पळायला जाल तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे जेवू नका, असं मी सगळ्यांना सांगत असते. ताईने दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी स्वतः ताट पुढे केलं. डिसेंबरातला तो सुरती पापडीचा वास समोर असताना नाही म्हणणं मला जमत नाही.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. गेली सहा वर्षं पळते, आतापर्यंत चौदा हाफ मॅरेथॉन झाल्या. एकवीस किलोमीटरला मला तीन तास लागतात, कधी थोडे जास्त. मी हळू पळते आणि मला माझा वेग आवडतो. शर्यतीच्या शेवटच्या शंभर जणांत जी माणसं असतात ती मला फार जवळची वाटतात. मधुमेह निघाला म्हणून सुरू केलेले काका, बाळंतपणानंतर पहिल्यांदा आलेली मुलगी, साडीवर बूट घालून आलेल्या मावशी. या सगळ्यांनी नोंदणीचे पैसे पहिल्या येणाऱ्याइतकेच भरलेले असतात.

बडोदं निवडलं त्याला कारण आहे. माझं माहेर मालेगाव तालुक्यातलं. कवळाणे आमच्यापासून लांब नाही. १८७५ साली त्या गावातला बारा वर्षांचा मुलगा दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट आमच्याकडे आजीच्या तोंडून ऐकायची. त्या मुलाने घडवलेलं शहर एकदा स्वतःच्या पायांनी बघायचं होतं. गाडीतून शहर दिसतं. पळताना ते तळपायाला लागतं. कुठे चढ आहे, कुठे रस्ता उकरून ठेवलाय, कुठल्या वळणावर बेकरीचा वास येतो, हे सगळं तेव्हाच कळतं.

सहा वाजता अंधारात सुटलो. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या कुंपणाची भिंत डाव्या हाताला कितीतरी वेळ संपतच नव्हती. १८९० साली पुरा झालेला तो वाडा मला अंधारात नुसता झाडांच्या मागचा काळा आकार दिसला. मग अकोटा, जुना पादरा रोड, फतेगंज. हे दहा-बारा किलोमीटर झकास गेले. थंडी होती, रस्ते रुंद होते, दर दोन-अडीच किलोमीटरवर पाणी, मीठ लावलेली संत्र्याची फोड, ढोल. विश्वामित्रीच्या पुलावरून जाताना बाजूची मुलगी म्हणाली, ‘‘खाली मगरी आहेत, मावशी, थांबू नका.’’ खरंच आहेत. शहराच्या मधोमध वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात आणि बडोदेकर ते अगदी सहज सांगतात. काळा घोडा चौक आला तेव्हा उजाडलं होतं.

तिथून जुन्या शहराकडे वळलो आणि पुढचे सगळे दिसेनासे झाले. माझ्या पुढे दोघं, मागे चार-पाच जण, आणि त्यांच्या मागे हळूहळू येणारी रुग्णवाहिका. रावपुऱ्यातली दुकानं उघडत होती. शटर वर जात होती, पायऱ्यांवर पाणी मारलं जात होतं. वाहतूक सोडली होती, त्यामुळे स्कूटर कोपराला घासून जात होत्या. सोळाव्या किलोमीटरच्या फलकाजवळ पाण्याचं टेबल असणार होतं. नकाशात मी ते आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं, शेवटचा घोट त्या हिशेबाने प्यायले होते.

टेबल होतं. पण दोन मुलं त्याचे पाय दुमडत होती. निळे जार आडवे पडले होते, रस्ताभर चुरगळलेले कागदी पेले. ‘‘आंटी, पाणी खतम,’’ एक जण म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, चेहरा पडला होता त्याचा. त्याला वरून फोन आला असणार, आवरा म्हणून.

माझ्या घड्याळात दोन तास वीस मिनिटं झाली होती. शर्यतीची वेळ साडेतीन तासांची, असं त्यांनीच छापलेलं. मला याचा संताप येतो आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. आणखी एका शहरात, नाव लिहीत नाही, शेवटच्या चाळीस जणांना मेडल मिळाली नव्हती. पाच किलोमीटरच्या शर्यतीतल्या मुलांना वाटून टाकली होती. पुढची माणसं दीड तासात, ऊन चढायच्या आत, घरी जातात. आम्ही तीन तास रस्त्यावर असतो, शेवटचा तास उन्हात. पाणी सगळ्यांत जास्त आम्हाला लागतं, आणि टेबल आमच्या आधी उचललं जातं. आयोजकांना हे का कळू नये? त्या क्षणी मला रडू आवरत नव्हतं. घसा इतका कोरडा होता की हुंदकासुद्धा नीट फुटेना.

‘‘अगं ए, इकडे ये ना! इकडे!’’

मराठी. दांडिया बाजाराकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर डाव्या हाताला एक जुनं लाकडी खांबांचं घर, त्याच्या ओट्यावर एक आजी उभ्या. ऐंशीच्या असतील. सुती साडी, खांद्यावर स्वेटर नुसताच टाकलेला. शेजारी स्टुलावर झाकण ठेवलेलं पातेलं आणि त्याच्यापुढे पितळी फुलपात्रं, ओळीने.

‘‘दीड कलाक उभी आहे मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शेकड्यांनी लोक गेले. कोणी थांबलं नाही. सगळे घाईत. तू तरी पी.’’

कलाक म्हणजे तास. बडोद्याच्या मराठीत गुजराती असं मिसळलेलं असतं की सांधा दिसत नाही. मी ओट्याच्या पायरीवर बसलेच. फुलपात्र हातात घेतलं तर गार, जड, आतून नुकतीच कल्हई केलेलं, चांदीसारखं. पाण्यात लिंबू, गूळ आणि मीठ होतं. मीठ चांगलं जाणवण्याइतकं. मी तीन फुलपात्रं प्यायले.

‘‘मीठ जास्त झालं का गं? आमचे हे म्हणायचे, घाम गाळणाऱ्याला नुसतं पाणी देऊ नये.’’

आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टर हेच ओरडून सांगतात. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं निघालं. त्यात चार तासांहून जास्त वेळ घेणारे आणि वाटेत भरपूर पाणी पिणारे जास्त होते. म्हणजे आमच्यासारखेच. हे मला पाठ आहे, तरी त्या सकाळी माझ्या खिशातली मिठाची पुडी ताईच्या घरी टेबलावर राहिली होती.

‘‘पळतेस कशाला?’’ आजींनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘बरं वाटतं,’’ मी म्हटलं. ‘‘डोकं शांत होतं.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘मी लंगडीत पहिली यायचे. शाळेत. नंतर कोण खेळू देतंय.’’ एवढंच बोलल्या आणि पातेल्यावरचं झाकण उगाच सरकवून नीट केलं.

मागची माणसं येऊन पोचली होती. मी ओरडून त्यांना बोलावलं. मधुमेहवाले काका, दोन मुली, एक तरुण ज्याच्या पोटरीत गोळा आला होता. आजी एकेकाच्या हातात फुलपात्र देत होत्या, रिकामं झालं की परत घेऊन बादलीत बुचकळत होत्या. ‘‘जरा पोरो खा, मग जा,’’ असं त्या तरुणाला म्हणाल्या. तो गुजराती होता, त्याला दम खा म्हटलेलं कळलंच. तो तिथेच फरशीवर पाय लांब करून बसला. शर्यतीचं घड्याळ आम्ही थांबल्याचा वेळही मोजत होतं. त्याचा काटा कुणासाठी थांबत नाही. मला त्या पाच मिनिटांचं काही वाटलं नाही.

निघताना आजींनी एक फुलपात्र काठोकाठ भरून माझ्या हातात दिलं. ‘‘घेऊन जा. पुढे पण त्यांनी आवरलं असेल. संध्याकाळी आणून दे.’’

‘‘आजी, हे हरवलं तर?’’

‘‘हरवायचं नाही,’’ त्या म्हणाल्या.

पहिले शंभर पावलं मी चालले, पाणी सांडू नये म्हणून. मग घोट घोट पीत सूरसागरापर्यंत आले. तलावातल्या शंकराच्या मूर्तीवर ऊन पडलं होतं. पुढचं टेबलही खरंच उचललेलं होतं. न्यायमंदिराजवळ एका चहावाल्याने फुलपात्र बघून न बोलता भरून दिलं. लहरीपुरा दरवाजातून आत, मांडवी, तिथून वळून परत. रिकामं झाल्यावर मी ते उलटं करून बघितलं तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसली. आधी कुणा सौभाग्यवतीचं नाव, मग ‘मंगळागौर १९६४’. कासाराने हातोडीने एकेक ठिपका मारून केलेलं काम. काही ठिपके घासून घासून पुसले गेले होते, बोट फिरवलं तरच लागत होते. शेवटचे तीन किलोमीटर मी अंगठा त्या अक्षरांवर ठेवून पळाले.

घड्याळात २१.१ झाले तेव्हा शेवटची कमान अजून लांब होती. बाजूचे काका चिडले, म्हणाले रस्ता चुकीचा मोजलाय. मी त्यांना समजावलं. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारा जोन्स काउंटर लावून मोजतात, तोही सगळ्यांत जवळच्या रेषेने, वळणावर आतल्या कडेपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवरून. शिवाय अंतर कमी पडू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर जादा धरतात. आपण स्कूटर चुकवत, सावली शोधत पळतो, त्यात शे-दोनशे मीटर कुठेही वाढतात. आणि उपग्रहाचं घड्याळ उंच इमारतींमध्ये आपलं वेगळंच सांगतं. काका म्हणाले, ‘‘आणि आजींच्या ओट्यापर्यंत गेलो ते?’’ तेही धरायचंच, मी म्हटलं. दोघं जोडीने आत आलो. तीन तास सोळा मिनिटं.

मेडल मिळालं. नाश्त्याची पाकिटं संपली होती. आयोजकांच्या माणसाला मी टेबलांबद्दल स्पष्ट सांगितलं, तो ‘‘हो मॅडम’’ म्हणत दुसरीकडे बघत राहिला. मी नंतर त्यांना लेखी पाठवलं आहे, टेबलांच्या किलोमीटरसह. उत्तर आलेलं नाही.

दुपारभर झोपले. संध्याकाळी ताईने फुलपात्र चिंचेने घासून लखलखीत केलं आणि आम्ही दोघी चालत निघालो. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांचं. आत मल्लखांबाला तेल लावल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता आणि दहा-बारा पोरं धावून घामाघूम झालेली. ताई म्हणाली, भावजींच्या आजोबांचा हात मोडला तेव्हा तो इथेच बसवला होता. याच शहरातल्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली कबड्डीचे नियम छापून स्पर्धा भरवली. मराठी माणसाने इथे नुसतं राज्य केलं नाही, मैदानंही आखली, हे मला त्या रस्त्याने जाताना फार अभिमानाने जाणवलं. ताईला मात्र त्यात नवल वाटलं नाही. तिचं रोजचं आहे ते.

ओट्यावर दिवा लागला होता. आजी आत झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. पायाला जमीन टेकवून त्या झोका थांबवायच्या, दोन शेंगा सोलायच्या, पुन्हा सोडायच्या. मला बघून त्यांना आधी ओळखच लागली नाही, सकाळी माझा चेहरा मिठाने पांढरा झालेला होता. फुलपात्र पुढे केलं तेव्हा लागली.

मी मेडल नेलं होतं. ते त्यांच्या गळ्यात घालायचं मनात होतं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं, वजन पाहिलं आणि परत माझ्याकडे दिलं. ‘‘पितळ नाही हे,’’ म्हणाल्या.

मग उठून फडताळापाशी गेल्या. सकाळची फुलपात्रं एकात एक घालून ठेवलेली होती. त्यांनी ती सगळी बाहेर काढली, माझं वर ठेवलं, आणि बोटाने खालून मोजत आल्या.

‘‘सहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बस आता, चहा टाकते. पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात आहे तुमचं?’’